परदेशातला हातखर्च: एकोणीस दिवसांच्या प्रवासाचा हिशेब

प्रवासाहून परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताईने एक फुगलेला लिफाफा माझ्यासमोर ठेवला. त्यात तिच्या बँक खात्याचे, क्रेडिट कार्डाचे आणि प्रीपेड ट्रॅव्हल कार्डाचे विवरणपत्र होते, चुरगळलेल्या पावत्या होत्या आणि रोजचा खर्च टिपून ठेवलेली तिची छोटी वही होती. "आम्ही उधळपट्टी केलेली नाही. वहीतल्या बेरजेपेक्षा खात्यातून एवढे जास्त पैसे कसे गेले, तेवढे मला शोधून दे," असे ती म्हणाली. पुढचे दोन रविवार आम्ही तिघे, म्हणजे ताई, भाऊजी आणि मी, एकेक पावती विवरणपत्रातल्या ओळीशी जुळवत बसलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे, कारण या दोघांनी केलेली प्रत्येक गोष्ट नीट विचार करूनच केलेली होती, आणि तरीही शेकडा सात रुपयांच्या हिशेबाने पैसे वाटेतच गळाले होते.

परिस्थिती अशी होती. ताई एकसष्ट वर्षांची, भाऊजी सहासष्टचे. विमानभाडे आणि मुक्कामाचे पैसे आधीच भरलेले होते, त्यामुळे प्रश्न होता तो केवळ तिथल्या रोजच्या खर्चाचा. पहिले नऊ दिवस युरो चालणाऱ्या देशांत आणि पुढचे दहा दिवस स्वतःचे वेगळे चलन असलेल्या शेजारच्या देशात त्यांचा मुक्काम होता. जवळ 600 युरोच्या नोटा होत्या, 1,200 युरो भरलेले प्रीपेड कार्ड होते, दोघांच्या संयुक्त बचत खात्याचे एक डेबिट कार्ड होते आणि ताईचे क्रेडिट कार्ड होते, ज्याचे जोडकार्ड भाऊजींकडे होते. कागदावर पाहिले तर ही चार साधने होतात आणि चार साधने म्हणजे भरपूर, असा कोणाचाही समज होईल. हिशेब सोपा राहावा म्हणून पुढचे सगळे आकडे मी युरोत दिले आहेत. दुसऱ्या देशातल्या रकमाही त्या दिवसाच्या दराने युरोत बदलून घेतल्या आहेत.

मोजायला एक पट्टी हवी होती. ती म्हणून आम्ही त्या त्या दिवसाचा मध्य दर घेतला. दोन चलनांचा मोठ्या बँकांच्या बाजारातला खरेदीचा दर आणि विक्रीचा दर यांच्या बरोबर मधला जो आकडा असतो, तो मध्य दर. सामान्य माणसाला या दराने पैसे जवळजवळ कधीच मिळत नाहीत, पण आपल्याला दिलेला दर किती लांब आहे हे मोजायला तोच उपयोगी पडतो. "आमच्याकडे कमिशन शून्य" अशी पाटी लावणारा विनिमय काउंटर कमिशन घेत नाही हे खरेच असते, कारण त्याची कमाई दरातच मिसळलेली असते. ताईला ही एक गोष्ट आधी कळली असती तरी लिफाफा एवढा फुगला नसता.

पहिली गळती निघण्यापूर्वीच झाली होती. 600 युरोच्या नोटा त्यांनी विमानतळावरच्या काउंटरवर घेतल्या, कारण आदल्या आठवड्याच्या धावपळीत बँकेत जायचे राहून गेले होते. तिथला दर मध्य दरापेक्षा 6 टक्क्यांनी महाग होता, म्हणजे 36 युरो तिथेच गेले. विमानतळावर काउंटर मोजके असतात आणि समोरच्या माणसाकडे वेळ नसतो. दर तसा का असतो, याचे उत्तर त्यात आहे. चेकियात, म्हणजे चेक प्रजासत्ताकात, तर पर्यटकांच्या अशा तक्रारी इतक्या वाढल्या की 1 एप्रिल 2019पासून तिथल्या कायद्याने ग्राहकाला नोटा बदलल्यापासून तीन तासांच्या आत, 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार कारण न देता रद्द करण्याचा हक्क दिला. असा हक्क इतरत्र क्वचितच आढळतो. तेव्हा काउंटरवर एकच प्रश्न विचारावा: मी एवढे पैसे दिले तर माझ्या हातात नेमक्या किती नोटा पडतील? आलेल्या उत्तराची मध्य दराशी तुलना करायला फोनवर अर्धा मिनिट पुरतो.

प्रीपेड कार्डाबद्दल भाऊजींचे म्हणणे असे की दर आधीच बांधला गेल्यामुळे मनाला स्वस्थता राहते. ते खोटे नाही. पण ती स्वस्थता मध्य दराच्या 2.5 टक्के वर विकत घेतलेली होती, म्हणजे 1,200 युरोंवर 30 युरो. युरोच्या देशांत त्यांनी या कार्डावर 700 युरो खर्च केले आणि तेवढ्यापुरते कार्ड चोख चालले. दुसऱ्या देशात गेल्यावर मात्र कार्डातले युरो तिथल्या चलनात बदलताना 3.5 टक्के वेगळे शुल्क लागले, त्यामुळे 200 युरोंच्या खरेदीवर आणखी 7 युरो गेले. परतल्यावर उरलेली रक्कम खात्यात परत घेताना दर पुन्हा 2.5 टक्के उलट्या बाजूला गेला, त्यात 7.30 युरो गेले. ज्या चलनात खर्च करायचा तेच चलन कार्डात भरलेले असेल आणि जेवढे भरले तेवढे खर्च होणार असेल, तरच असे कार्ड परवडते.

याच कार्डाने आणखी एक त्रास दिला, आणि तो शुल्काच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. पहिल्या हॉटेलात शिरताना स्वागतकक्षातल्या मुलीने अनामत म्हणून एक कार्ड मागितले आणि ताईने सहज प्रीपेड कार्ड पुढे केले. त्यावर 250 युरो रोखून ठेवले गेले. चौथ्या दिवशी हॉटेल सोडताना एक पैसाही देणे निघाले नाही, पण रोखलेली रक्कम मोकळी झाली ती त्यांच्या परतीनंतर दोन दिवसांनी, म्हणजे सतरा दिवसांनंतर. क्रेडिट कार्डावर रक्कम रोखली तर केवळ पतमर्यादेतला एक तुकडा अडतो. डेबिट किंवा प्रीपेड कार्डावर मात्र आपलाच पैसा अडकतो. हॉटेल, भाड्याची मोटार आणि स्वतः भरून घ्यायचा पेट्रोलपंप या तीन ठिकाणी असे हमखास होते, आणि मोटार भाड्याने देणाऱ्या पुष्कळ कंपन्या तर प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. या 250 युरोंची आठवण पुढे चौदाव्या दिवशी फार तीव्रतेने येणार होती.

यंत्राने विचारलेला प्रश्न

आता सर्वांत मोठ्या गळतीकडे वळतो. सातव्या दिवशी ताईने 180 युरोंची एक खरेदी क्रेडिट कार्डावर केली. ती पावती सुदैवाने अजून वाचता येत होती. वर 180.00 युरो, खाली ताईच्या मायदेशीच्या चलनातली रक्कम, त्याखाली विनिमय दर, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत एक वाक्य: कार्डधारकाने स्वतःच्या चलनात पैसे देण्याचा पर्याय स्वीकारला आहे आणि हा निर्णय अंतिम आहे. ताईला असे काही स्वीकारल्याचे आठवतच नव्हते. बरेच आठवल्यावर ती म्हणाली, "दुकानदाराने यंत्र स्वतःकडे वळवून काहीतरी दाबले आणि मग पिन टाकायला माझ्याकडे दिले."

या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी, म्हणतात. आपले कार्ड परदेशी आहे हे यंत्राला क्रमांकाच्या पहिल्या काही आकड्यांवरून कळते आणि ते विचारते की रक्कम तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? आपले चलन ओळखीचे असल्यामुळे हात आपसूक तिकडे जातो. इथल्या चलनात रक्कम घेतली, तर ती आपल्या चलनात बदलण्याचे काम व्हिसा किंवा मास्टरकार्ड ही कार्डांचे जाळे चालवणारी कंपनी स्वतःच्या दैनंदिन दराने करते. हा दर मध्य दराच्या बराच जवळ, सहसा एका टक्क्याच्या आत असतो, आणि दोघांच्याही संकेतस्थळांवर तो कोणालाही तारखेनुसार पाहता येतो. आपल्या चलनात रक्कम घेतली, तर बदल करण्याचे काम दुकानाची बँक किंवा तिची मध्यस्थ कंपनी करते, दर तीच ठरवते, आणि वरच्या कमाईतला वाटा बहुधा दुकानालाही मिळतो. वरची ही आकारणी ढोबळमानाने 3 ते 12 टक्के असते. ताईच्या पावतीवर ती 5.5 टक्के निघाली, म्हणजे 9.90 युरो. शिवाय तिच्या बँकेने व्यवहार परदेशात झाला म्हणून आपले 3 टक्क्यांचे शुल्क या वाढलेल्या रकमेवर लावलेच, ते 5.70 युरो. रूपांतर दुकानात झाले म्हणून बँकेचे शुल्क वाचेल, ही समजूत पुष्कळ जणांची असते आणि पुष्कळ बँकांच्या बाबतीत ती खोटी ठरते. 180 युरोंच्या खरेदीवर असे 15.60 युरो गेले. बाकीची 640 युरोंची खरेदी ताईने याच कार्डावर स्थानिक चलनात केली होती, आणि तिच्यावर 3 टक्क्यांप्रमाणे 19.20 युरो लागले.

युरोपीय संघाने 2019मध्ये केलेल्या नियमानुसार संघांतर्गत व्यवहारांत अशी वरची आकारणी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या तुलनेत किती टक्के आहे, हे ग्राहकाला पैसे देण्यापूर्वी दाखवावे लागते. ही तरतूद 19 एप्रिल 2020पासून लागू झाली. माझ्या मते नियम चांगला आहे, पण पुरेसा नाही, कारण घाईत उभा असलेला माणूस टक्केवारी वाचत नाही. तो वाचतो ते मोठ्या अक्षरांतले बटण.

एटीएमवर तर हे प्रकरण आणखी अवघड होते. दुसऱ्या देशात पोचल्यावर रोख पैसे लागू लागले, कारण लहान दुकाने, बस आणि बाजार यांत कार्ड चालेना. ताईने पहिले यंत्र निवडले ते गर्दीच्या चौकात, कोणत्याही बँकेला न जोडलेले, झगझगीत रंगाचे. तिथला पडदा तिने मला इतक्या नेमकेपणाने सांगितला की मी तो कागदावर काढू शकलो. मध्यभागी तिच्या चलनातली रक्कम, वर "हमी दर" असे शब्द. उजवीकडे हिरवे, मोठे बटण, "रूपांतर स्वीकारा". डावीकडे करड्या रंगात, "रूपांतराविना पुढे जा". तिला वाटले की डावीकडचे दाबले तर व्यवहारच रद्द होईल आणि कार्ड आत राहील. हा गैरसमज अगदी स्वाभाविक आहे, कारण पडद्याची मांडणीच तसे वाटावे अशी असते. प्रत्यक्षात डावीकडचे बटण दाबल्यावर पैसे तेवढेच, तसेच बाहेर येतात, फक्त बदलण्याचे काम आपल्या कार्डाच्या जाळ्याकडे जाते. काही यंत्रे नकार दिल्यावर आणखी एकदा, वेगळ्या शब्दांत विचारतात. तेव्हाही नकारच द्यायचा.

पहिल्या दोन वेळी ताईने हिरवे बटण दाबले. प्रत्येक वेळी 100 युरोंइतकी रक्कम काढली. त्यावर यंत्रमालकाचे 5 युरोंचे शुल्क लागले आणि 105वर रूपांतराची आकारणी 9 टक्के, म्हणजे 114.45 झाले. त्यावर तिच्या बँकेचे 3 टक्के आणि वर दर वेळचे ठरलेले 3 युरो. शंभर युरो हातात पडायला खात्यातून 120.88 युरो गेले. तिसऱ्या वेळी रांगेत मागे उभ्या असलेल्या एका मुलीने तिला डावीकडचे बटण दाखवले. तेव्हापासून दोन वेळा खर्च 111.15 झाला. चारही वेळचे मिळून 64 युरो सहा सेंट फक्त पैसे काढण्यापायी गेले. हेच 400 युरो एखाद्या बँकेच्या स्वतःच्या, वेगळे शुल्क न घेणाऱ्या एटीएममधून एकदाच काढले असते आणि रूपांतराला नकार दिला असता, तर तिच्याच कार्डावर 15 युरो लागले असते. थोडे थोडे काढणे सुरक्षित, हा तिचा विचार चोरीच्या दृष्टीने बरोबर होता. पण ठरीव शुल्क प्रत्येक खेपेला लागत असल्यामुळे चार-पाच दिवसांचा खर्च एकदम काढून तो दोघांच्या अंगावर दोन ठिकाणी ठेवणे हा मधला मार्ग मला जास्त पटतो. त्याआधी मात्र आपल्या कार्डाची रोजची मर्यादा बँकेकडून वाढवून घेतलेली असावी.

एक गोष्ट त्यांनी केली नाही, आणि ती न केल्याचे मला फार बरे वाटले. भाऊजींना एका टप्प्यावर क्रेडिट कार्डानेच एटीएममधून पैसे काढावेसे वाटले होते. तसे केले की वेगळे शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला मिळत नाही.

शनिवारची संध्याकाळ

इथपर्यंतचे नुकसान पैशांचे होते. चौदाव्या दिवशी जे झाले ते वेगळ्या जातीचे होते, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

त्या शनिवारी दुपारी भाऊजी फोनवरून रेल्वेची तिकिटे काढत होते. क्रेडिट कार्डाच्या बँकेने ओटीपी पाठवला तो मायदेशीच्या क्रमांकावर. ते सिम भाऊजींनी स्वस्त इंटरनेटसाठी तिथले सिम घालताना काढून पाकिटात ठेवले होते. ते पुन्हा घातले, पण रोमिंग सुरू करून घेतलेले नसल्यामुळे नेटवर्क मिळेना. तीन प्रयत्न फसल्यावर कार्ड बंद झाले. ताईचे कार्ड काढून पाहिले, तर तेही चालेना, कारण जोडकार्ड आणि मूळ कार्ड एकाच खात्यावर होते. कार्डाच्या मागचा मोफत क्रमांक परदेशातून लागत नव्हता. परदेशातून लावायचा दुसरा क्रमांक शोधून फोन केला, तेव्हा पलीकडच्या कर्मचाऱ्याने ओळख पटवण्यासाठी त्याच बंद सिमवर संकेतांक पाठवला.

संध्याकाळी ताई डेबिट कार्ड घेऊन चौकातल्या त्याच यंत्राकडे गेली. यंत्राने कार्ड आत घेतले, पडदा काळा झाला आणि कार्ड बाहेर आले नाही. यंत्रावर लिहिलेल्या क्रमांकावर सोमवारी सकाळी नऊनंतर फोन करा, अशी ध्वनिफीत वाजत होती. भाऊजींच्या नावाचे डेबिट कार्ड घरी कपाटात होते, कारण एकाच खात्याची दोन कार्डे न्यायची कशाला, असे त्यांनी निघताना ठरवले होते. प्रीपेड कार्डावर 43 युरो होते आणि 250 युरो पहिल्या हॉटेलच्या नावाने अडकलेले होते. पाकिटात नोटा होत्या 120 युरोंच्या मोलाच्या. त्या रात्री ताईचा मला फोन आला, तेव्हा तिचा आवाज मी ओळखला नाही.

चार साधने एका दुपारी कशी आटली, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. साधनांची संख्या चार होती, पण त्यांचे आधार चार नव्हते. पैशापर्यंत पोचण्याच्या वाटेवर प्लास्टिकचे कार्ड, त्यामागचे खाते आणि खात्याची खातरजमा करणारा फोन अशा तीन कड्या असतात. यंत्राने कार्ड गिळले तेव्हा प्लास्टिक गेले, खाते शाबूत होते. भाऊजींचे कार्ड सोबत असते, किंवा ताईने तेच डेबिट कार्ड फोनमधल्या पाकिटात आधी जोडून ठेवले असते, तर दुकानांत फोन टेकवून पैसे देता आले असते. क्रेडिट कार्ड बंद झाले तेव्हा खाते गेले, मग प्लास्टिकची दोन कार्डे असूनही उपयोग झाला नाही. आणि हे खाते बंद पडण्याच्या, तसेच ते पुन्हा सुरू न होण्याच्या मुळाशी एकच सिम होते. म्हणून कार्डे मोजण्यापेक्षा, ही एक कडी तुटली तर काय उरते, हे प्रत्येक कडीबद्दल विचारून पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

रविवारी मी एका पैसे पाठवणाऱ्या कंपनीमार्फत 300 युरो पाठवले, जे तिथल्या शाखेत पासपोर्ट दाखवून रोख घेता येतात. तिथेही घाईत माझी चूक झाली. ताईचे नाव मी बोलण्यातले लिहिले, पासपोर्टवरचे मधले नाव राहिले, आणि शाखेने पैसे अडवले. दुरुस्ती होऊन पैसे हातात पडायला सोमवारची दुपार उजाडली. शुल्क 14 युरो आणि दरातला फरक 9 युरो, असा 23 युरोंचा खर्च आला, जो अशा वेळी मी आनंदाने दिला. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींकडे हरवलेल्या कार्डाच्या बदल्यात तातडीचे कार्ड किंवा रोख रक्कम मिळवून देण्याची सेवा असते, तिला आपल्या बँकेची मंजुरी लागते, हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हते.

बेरीज

परतताना उरलेल्या 60 युरोंच्या मोलाच्या नोटा विमानतळावर बदलताना 12 टक्के, म्हणजे 7.20 युरो गेले. नाणी कोणी घेत नाही, ती अजून ताईच्या खणात आहेत. सगळे मिळून 2,960 युरो खर्चाच्या वाटेला लागले आणि ते तिथवर पोचवायला 209.36 युरो लागले. हे प्रमाण 7 टक्क्यांहून थोडे अधिक होते.

मग आम्ही तोच प्रवास कागदावर पुन्हा केला. आधी कार्डे तीच ठेवली, फक्त सवयी बदलल्या: सुरुवातीला बँकेतून 150 युरोंच्याच नोटा 3 टक्के महाग दराने, 2,000 युरोंची खरेदी त्याच क्रेडिट कार्डावर स्थानिक चलनात, आणि उरलेले 810 युरो बँकांच्या एटीएममधून तीन खेपांत. नोटांचे 4.50, कार्डाचे 60, एटीएमचे 33.30, असे 97.80 युरो झाले. त्यानंतर कार्डेही बदलली: परदेशी व्यवहारावर शुल्क न लावणारे कार्ड, ज्याचा दर मध्य दरापासून अर्धा टक्का दूर धरला, आणि एटीएमवर एक टक्का अधिक प्रत्येक खेपेला यंत्राचे 5 युरो. एकूण 37.60 युरो झाले. ताईला या आकड्यांत सर्वांत आश्चर्य वाटले ते याचे, की नवे खाते न उघडता, एकही अर्ज न भरता, निम्म्याहून अधिक गळती थांबली असती. मलाही वाटते की लोक उत्तम कार्डाच्या शोधात आठवडे घालवतात आणि यंत्राने विचारलेल्या प्रश्नाचा विचार पाच सेकंदही करत नाहीत.

हे उत्तर सगळीकडे जसेच्या तसे लागू पडत नाही, म्हणून देशपरत्वे थोडी चौकशी करावीच लागते. जपानमध्ये पुष्कळ एटीएम परदेशी कार्ड घेत नसत. तिथे सेव्हन बँकेची यंत्रे 2007पासून ती घेऊ लागली आणि प्रवाशांची मोठी सोय झाली. चीनमध्ये दुकानदार फोनवरून पैसे घेण्याला इतके सरावले आहेत की परदेशी कार्ड घेऊन उभे राहिलेला माणूस अडतो. तिथे 2023पासून अलीपे आणि वीचॅट पे यांत परदेशी कार्ड जोडता येते, आणि 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर मात्र 3 टक्के लागतात. म्हणजे मोठी रक्कम तिथे वेगळ्या मार्गाने देणे बरे. ट्युनिशियाचा दिनार देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, तेव्हा तो आधी मिळवण्याचा प्रश्नच येत नाही आणि शेवटी उरवूनही चालत नाही. जिथे डॉलरच्या नोटा नेऊन बदलाव्या लागतात तिथे काउंटरवाले घडी पडलेली, शिक्का उमटलेली किंवा जुन्या छपाईची नोट परत करतात. शंभर डॉलरची निळ्या पट्टीची सध्याची नोट ऑक्टोबर 2013मध्ये चलनात आली, आणि त्यापूर्वीची नोट कायद्याने वैध असूनही अनेक देशांत नाकारली जाते. मोठी रोकड सोबत असेल तर सीमाशुल्काचा नियमही पाहावा: युरोपीय संघात शिरताना किंवा तिथून बाहेर पडताना 10,000 युरो वा त्याहून अधिक रोख असल्यास ती जाहीर करावी लागते. भाऊजींनी मला एकदा विचारले की पूर्वीसारखे प्रवासी धनादेश घेतले असते तर? अमेरिकन एक्सप्रेसने ते 1891मध्ये आणले, हरवले तर पैसे परत मिळत हा त्यांचा मोठा गुण होता, पण आज ते वटवून देणारी जागा शोधण्यातच दिवस जाईल.

दुसऱ्या वर्षी दोघे पुन्हा आठ दिवसांसाठी निघाले. या वेळी ताईकडे एका बँकेचे डेबिट कार्ड होते आणि भाऊजींकडे दुसऱ्याच बँकेचे, त्यावर परदेशी व्यवहाराचे शुल्क नव्हते. एक कार्ड रोज खोलीतल्या तिजोरीत राहत असे, दोन्ही कार्डे फोनमध्ये जोडलेली होती, क्रेडिट कार्ड केवळ हॉटेलच्या अनामतीसाठी होते. मायदेशीचे सिम फोनमधून निघाले नाही. त्यावर रोमिंग सुरू करून घेतले होते आणि इंटरनेटसाठी वेगळे ई-सिम घेतले होते. बँकांचे परदेशातून लागणारे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर होते, आणि त्यांच्याखाली, मला पैसे पाठवायची वेळ आलीच तर म्हणून, पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे. एटीएम त्यांनी दोनदाच वापरले, दोन्ही वेळा बँकेच्या शाखेतले, कामकाजाच्या वेळेत. परत आल्यावर ताईने या खेपेचा हिशेब स्वतःच जुळवला आणि मला फोनवर सांगितला: 900 युरोंच्या खर्चावर 17 युरो. पहिल्या यंत्राने तिला रूपांतराबद्दल दोनदा विचारले होते, आणि दोन्ही वेळा तिने चष्मा लावून डावीकडचे बटण दाबले.